राउनोचा झाडू

कोक्कोलाच्या बंदरावर फेब्रुवारीत समुद्र गोठतो
आणि आमच्या तिसऱ्या शेडमध्ये, रात्रपाळीला,
मी हवा मोजत बसते.
एका घन सेंटिमीटरमध्ये किती कण,
यंत्र दर सेकंदाला सांगतं.
कण कसले, ते सांगत नाही.

पिशव्यांत काळी पूड आहे, कार्बनच्या नळ्यांची.
एका केसाच्या जाडीत हजारो
शेजारी शेजारी मावतील अशा.
हिच्यापुढे राई म्हणजेच पर्वत.

राउनो तीस वर्षं इथं झाडत आला,
आधी जस्ताची राख, मग कोबाल्ट, आता ही.
त्याला म्हटलं, झाडू बंद.
झाडलं की बसलेलं उठतं,
उठलेलं दिसत नाही,
न दिसणारं आत जातं.
यापुढे ओलं फडकं, आणि फडकंसुद्धा
दोन पिशव्यांत बांधून, वर चिठ्ठी लावून.
तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला,
म्हणजे मी इतकी वर्षं साफ करत नव्हतो,
वाटत फिरत होतो.

जानेवारीपासून रोज रात्री दोन चाळीसला
आकडा उसळी मारायचा.
आम्ही गाळण्या बदलल्या, सांधे चाचपले,
रबरी हातमोजे भिंगाखाली धरले.
व्यवस्थापक ओस्टमन फोनवर:
गळती आहे की नाही, सिर्क्कू, एका शब्दात सांग.
एका शब्दात मला फक्त "थांबा" सांगता येत होतं.
सांगितलं.
दोन दिवस शेड थांबली, आणि त्या दोन दिवसांत
जेवणाच्या टेबलावर माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली.

तिसऱ्या रात्री उलगडा झाला:
दोन चाळीसला मिर्वा पलीकडच्या खोलीत
टोस्टरमध्ये काळा पाव भाजते,
चांगला करपेपर्यंत.
सगळे पोट धरून हसले, ओस्टमनसुद्धा.
टोस्टर माझ्या कपाटात गेला, कुलपात.

आकडा खाली आला.
पण जिथवर यायला हवा तिथवर आला नाही.
पावाच्या धुराआड
एक बुटका उंचवटा उभा होता,
मिर्वा पिशवी उलटी करते तेव्हाचा,
चाळीस सेकंदांचा.

एवढ्यानं काय होतं, ओस्टमननं विचारलं.
मी अहवालातला रकाना पुढे केला.
तिथं लिहिलं होतं: माहीत नाही.
त्याला वाटलं, भरायचा राहिलाय.
भरलाय, म्हटलं.
माहीत नाही म्हणून पिशवी बंद झाकणाखाली उलटायची.
माहीत नाही म्हणून तिथली हवा तिथंच ओढून घ्यायची.
आणि हा कागद चाळीस वर्षं जपायचा,
मिर्वा आज चौतीसची आहे.
त्यानं पेन काढलं. खर्चाचा आकडा बघून
पुन्हा टोपण लावलं. सही सोमवारी केली.

मार्चअखेर राउनो निवृत्त झाला.
घड्याळ नको म्हणाला, झाडू मागितला.
त्याच्या भावानं जहाजाच्या गोदीत
वाफेच्या नळांना पांढरी लोकर गुंडाळली होती,
तेव्हाही कुणीतरी म्हणालं होतं, धूळच ती.
हे त्यानं मला त्या दिवशी सांगितलं,
तीस वर्षांत पहिल्यांदा.

झाडू मी ओल्या फडक्यानं पुसला,
एका पिशवीत घातला, मग दुसऱ्या.
घरी उघडू नकोस.
उघडायला नेत नाही, म्हणाला.
चिठ्ठीवर काय लिहू?
तुझ्या त्या रकान्यात आहे ते.

मग तो फाटकाबाहेर पडला,
बर्फावर जपून पाऊल टाकत,
खांद्यावर झाडू.