फावडं

चोरी म्हणतेस, लव्हडे? अदलाबदल म्हण.
झेनॉरच्या टेकडीखाली आमच्यात चूल पेटत नाही
आणि माझं पोर खोकून खोकून
कोळ्याएवढं झालं होतं.
तुझ्याकडे दूध. ऊब. दारावर नाल ठोकायचं
तुझा नवरा खाणीवरून येऊन विसरलेला.
म्हटलं, आई ती आई,
एवढा हिवाळा काढेल.

तू तिसऱ्या दिवशीच ओळखलंस.
शेजारणींनी उपाय सांगितला:
फावडं लाल करा, त्यावर बसवा,
ज्याचं असेल ती धावत येईल.

धावतच आले गं.
तोवर दारावर नाल होता. नवा कोरा.
लोखंड मला ओलांडवत नाही.
उंबऱ्याबाहेर उभी राहून ऐकलं,
मग ऐकू यायचं थांबलं.

आता कॉर्नवॉलभर माझी गोष्ट:
टेकडीतली हडळ, पोरं पळवते.

तुझं इथे आहे. बोटावरचा मध चाटतं.
नाव जागो ठेवलंत,
आणि हा झोपतो दिवसच्या दिवस, माझ्या मांडीवर.
केस विंचरते. नखं काढते.

परत देईन की.
फावडं निवलं
की सांग.