आस

सामुद्रधुनीचं पाणी दिवसातून चारदा पाठ फिरवतं.
तिथे तळाशी, सत्तावीस मीटरवर,
आम्हाला टर्बाइन रोवायचंय,
आणि नेमकं कुठे, ते मी सांगायचं,
तोर्शाव्हनमधल्या दुसऱ्या मजल्यावरून,
कोरड्या पायांनी.

पहिली जाळी पन्नास मीटरची.
समुद्र खोल्याखोल्यांत भाडेकरूसारखा राहायला आला.
एका खोलीत एकच वेग, एकच दाब,
शेजाऱ्याशी भिंतीवरून जुजबी देवाणघेवाण.
अकरा मिनिटांत उत्तर हातात.
एवढ्या जाड जाळीत पाण्याला काकवीचा स्वभाव येतो,
कोपरे विरघळतात.
भूशिरामागे भोवरा नाही, काही नाही,
इस्त्री केलेला प्रवाह.

हेयिन कॉफीला आला होता.
चाळीस वर्षं त्याने टपालाची बोट इथूनच नेली.
पडद्याकडे बघत म्हणाला, हे पाणी कुठलं?
तुमचंच.
छे. माझं पाणी इतकं आज्ञाधारक कधी नव्हतं.

मग वीण घट्ट करत गेले.
आस निम्मा केला की घरं आठपट,
घड्याळाचं पाऊलही निम्मं, म्हणून काम सोळापट.
पंचवीसला तीन तास: प्रवाहाची रेष किंचित वाकली.
साडेबाराला दोन दिवस: वाकलेली रेष स्वतःभोवती फिरू लागली.
सहाला महिना.
सगळा फेब्रुवारी यंत्रं घरघरत होती
आणि बाहेर तेच पाणी
कुणालाही न विचारता, काहीही न मोजता
वेळेवर येत-जात होतं.

वेग उतरत गेला. तीन पूर्णांक चार, मग तीन,
मग दोन पूर्णांक शहाऐंशी, ब्याऐंशी.
फरक थोडा वाटतो. पण वीज वेगाच्या घनाने मिळते:
पहिल्या जाळीने गावाला
पावणेदोनपट उजेड कबूल केला होता.

शेवटच्या दोन उत्तरांत चार शतांशांचं अंतर.
आकडा बसला, म्हणाला योर्लेइवुर, आता अहवाल लिही.
मी लिहिला. चित्रात
भूशिरामागे सुरेख भोवरा, रंगीत.

हेयिनने तो बराच वेळ पाहिला.
हा आहे, म्हणाला. पण बहिरी कुठे गेली?
कोण बहिरी?
खडक. वल्ह्यांचा आवाज ऐकत नाही,
वाट देत नाही, म्हणून बहिरी.

मार्चमध्ये त्याच्या होडीतून गेलो.
मधोमध त्याने इंजिन बंद केलं, ओळंबा सोडला.
पंधरा वाव पाणी असायला हवं तिथे
सहा वावांवर दोरी सैल पडली.

तळाचा नकाशा शंभर-शंभर मीटरवर मोजलेला.
दोन मोजण्यांच्या मध्ये
मीच एक सरळ उतार ओढून दिला होता,
आणि तो माझा उतार
महिनाभर, सहा मीटरपर्यंत,
एकनिष्ठपणे चाळला होता.
किती बारीक पीठ. जातं चांगलंच होतं.

परतताना तो त्याच्या शेडमध्ये घेऊन गेला.
खुंटीवर बापाची जाळी, आस दोन बोटं, चार बोटं.
बारीक आसाने माशांची पोरं मरतात, रानवा,
मोठ्याने आपली.
एवढंच बोलला, आणि गाठ सोडवत बसला.

आता सगळीकडे बारीक करत नाही मी.
उघड्या समुद्रात पन्नासच,
भूशिराशी सहा,
बहिरीभोवती एक.
पडद्यावर ते स्वेटरच्या कोपराला
रफू केल्यासारखं दिसतं.
भोवरा आता दोन आहेत, एकमेकांना ढकलतात,
आकडा अजून बसलेला नाही.

योर्लेइवुर रोज विचारतो, किती राहिलं.
काल हेयिनला फोन केला:
अशा आणखी किती आहेत, नाव असलेल्या?
नाव असलेल्या, तो म्हणाला,
आणि पलीकडे बराच वेळ
फक्त किटलीचा आवाज येत राहिला.