अकरावं वळण

मोरीतला धुण्याचा दगड
परवा आम्ही पहिल्यांदा उलटा केला.
खरं तर सुलटा केला,
पंच्याहत्तर वर्षं तो पालथाच होता.
खाली गांडुळं, साबणाचा लगदा, कुणाच्या तरी पोतीतला मणी
आणि एक रेघ.
नागमोडी. कुठं नुसता ओरखडा,
एका जागी बोटभर खोल.

आजा माझा यल्लाप्पा, वडार.
पाटे घडवायचा, जात्यांना टाकी लावायचा.
युद्धाच्या सालात वळिवड्याला गोऱ्या निर्वासितांची छावणी पडली
आणि त्याला थडग्यांचं काम मिळालं.
वाचायला येत नव्हतं कुठलंच.
कागदावरचं अक्षर चिमटीत धरून दगडावर ठेवायचा.
एकाच्या पोटातनं तिरकी रेघ जायची,
एकाला खाली शेपूट.
म्हणायचा, शेपूट इसरलं की माणूस बदलतंय.

हे सगळं आत्या सांगते, नागव्वा आत्या,
आता नव्वदीला टेकलेली, तेव्हाची आठ वर्षांची.

एक बाई आली. नाव ब्रोनिस्लावा,
वस्तीवर तिची बोरुबाई झाली.
तिला पोराच्या नावचा दगड पाहिजे होता.
कारकुनानं विचारलं, खाली कोण आहे?
खाली कोणी नव्हतं.
पोरगं डोंगरातच राहिलेलं,
रशियातनं इराणात उतरताना,
ट्रक थांबला तेवढ्या वेळात
जेवढं उकरता आलं तेवढ्यात.
खाली कोणी नसेल तर जागा मिळत नाही, कारकून म्हणाला.
आजा म्हणाला, मग जागा ऱ्हाऊ दे.

अंगणातल्या राखेत तिनं बोटानं रस्ता काढला.
वळण आलं की थांबायची, मोजायची तिच्या भाषेत.
आजा आमच्या वडारीत.
आकडे जुळत होते का, देव जाणे.
बर्फ म्हणजे काय ते त्याला कळेना.
तिनं चुन्याची मूठ घेतली,
त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर भुरभुरली.
आजी हसायला लागली,
आणि बाईचं तोंड बघून गप्प झाली.

अकराव्या वळणावर बाईनं बोट दाबलं
राखेखालची जमीन लागेपर्यंत.
आज्यानं तिथं छिन्नी उभी धरली.

पुढं छावणी उठली.
बोटीवर सामान मोजून न्यायचं,
दगड त्यात कुठला बसायला.
"ठेवा," म्हणाली. तेवढं मराठी येत होतं तिला.
त्याच बराकीत मग सिंधी आले,
त्यांचे रस्ते त्यांनी कशावर काढून ठेवले
आम्ही कधी विचारलं नाही.
तिथं आता साड्यांचा होलसेल बाजार आहे,
लग्नाचा बस्ता आम्ही तिथंच बांधतो.

आणि आजीनं दगड मोरीत घातला, रेघ खाली करून.
मी म्हटलं, काय ही कदर!
आत्या म्हणाली, वर ठेवला असता तर झिजला असता की गं.

वळणं एकवीस होती, ती ठासून सांगते.
मी गेरू भरून मोजली. सतरा.
पुन्हा मोजली. सतराच.
मग चार कुठं गेली, आत्या?
बराच वेळ ती दगडाकडे बघत राहिली.
"झोपली असंल ती तेवढ्यात.
पोर गेल्यावर लागती झोप, बाई.
मेल्यागत लागती."

धुणं आता मशीनमध्ये होतं.
दगड दाराशी पडलाय, सुलटा.
आम्ही सगळे ओलांडून जातो.
आत्या तेवढी काठी टेकत
वळसा घालून जाते.