सराव

कागदावर सकाळी नऊला समुद्रातली केबल तुटली.
साडेनऊला टॉवर आडवा, वीज गेली, मोबाइल मेला.
प्रत्यक्षात हिद्दवर लख्ख ऊन,
एसीचं पाणी ठिबकतंय डब्यात,
आणि मी गच्चीवर, ट्रकच्या बॅटरीला वायरलेस जोडून
जासिमच्या होडीला हाका मारतोय.

खरखर. मग त्याचा खोकला. मग:
"पडतेभाई, सब सुनाई देता. इधर कोई डूबा नहीं."
वहीत लिहिलं: आवाज स्पष्ट,
वाऱ्याने कडेला थोडा फाटतो.

तेवढ्यात खिशातला मेलेला मोबाइल वाजला.
शिरोड्याचा नंबर.
या वेळेला आई कधीच करत नाही फोन.
मरियमबाई बघतायत. कलम चार त्यांनीच लिहिलंय:
तुटलं म्हणजे तुटलं.

अकरा वेळा वाजला.
मग एवढ्या उन्हात गच्ची गार पडली.
"अजून चाळीस मिनिटं," बाई म्हणाल्या,
आणि आपली पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

बटण दाबलं. जासिम, म्हटलं,
काहीही बोल, पण बोलत राहा.
का, ते त्याने विचारलं नाही.
हामूरचा भाव सांगायला लागला,
मग साफीचा,
मग जाळं कुठे फाटलं ते.