ठोका

डॉक्टर निगम विचारतात, औषधं कोणती चालू?
रात्रीची एक. कोलेस्टेरॉलची. अकरा वर्षं झाली.
पाण्याचा पेला, त्यावर झाकण, झाकणावर गोळी:
वत्सला ठेवते, न बोलता.

ते जरा थांबतात.
म्हणतात, काही जण लिहितात, या गोळीनं
हाड इम्प्लांटला लवकर धरतं.
काही म्हणतात, उंदरांत धरलं,
माणसांचं अजून नक्की नाही.
तुम्ही आपली घेत राहा. हृदयासाठी.

मग जबड्यातल्या स्क्रूवर बारीकशी टकटक.
पडद्यावर आकडा उमटतो.
मी आकडा बघत नाही.

तीस वर्षं छोट्या रुळांवरून चाललो,
ग्वाल्हेर ते श्योपूर, हातात हातोडी.
बोल्ट ढिला असला की बसका वाजतो,
खोटं बोलताना माणसाचा आवाज बसतो तसा.
आता ती गाडीही नाही.

'कसा वाजला?' मी उघड्या तोंडानं विचारतो.
त्यांना ऐकू येतं फक्त आ आ आ.

परतताना दौलतगंजात गजक कुटतायत,
लाकडी हातोडे, एकामागून एक,
यातला एकही बसका नाही.
पाव किलो घेतो.
तीन महिने कडक काही चावायचं नाही,
वत्सलाला पाठ आहे.

रात्री झाकणावर गोळी,
शेजारी गजकाचा तुकडा, नखाएवढा.
'चावलंत तर बघा.'

गोळी गिळतो. दिवा मालवतो.
तीळ सुटे होत राहतात एकेक
आणि जीभ जाते त्या स्क्रूपाशी,
पुन्हा पुन्हा,
हातोडीशिवाय.