कोटांच्या खिडकीतून

अकरा वर्षं एकच नाटक,
स्ट्रँडच्या मागच्या गल्लीत, जिथे पाऊस आडवा येतो.
मी तळघरात कोट सांभाळते.
नाटक माझ्या डोक्यावर घडतं:
आठ वाजून दहा मिनिटांनी शिडी,
मग बिजागऱ्यांसकट दार,
आणि मध्यंतराच्या जरा आधी
अख्खं फडताळ, छत्तीस बशांसह.
बशा रबराच्या. एक खरी ठेवतात,
आवाजासाठी.

लोक खाली येतात, बिल्ला देता देता मतही देतात.
मागितलेलं नसतं.
ओल्या छत्रीसारखं फळीवर टेकवतात
आणि ठिपकत राहतं ते.

लुटनचा प्लंबर, हसून बरगड्या धरलेला,
पण नळाच्या फवाऱ्यावर त्याचा आक्षेप:
त्या सांध्याला एवढा दाब येणारच नाही, बाई,
लिहून देतो.

कुणी एक तरुण मैत्रिणीला समजावत होता
की हे सगळं साम्राज्याच्या पडझडीबद्दल आहे.
ती मफलर शोधत म्हणाली,
"मला वाटलं, शिडीबद्दल आहे."

श्रीमती पेटिफर. करडा कोट, उसवलेलं अस्तर,
सतरा वेळा आल्यात,
एकदाही हसले नाही, हे अभिमानाने सांगतात.
"पहिल्या वर्षीचा बटलर खरा पडायचा.
हा पडण्याआधी जागा बघतो."

सांगलीहून माझे दीर आले होते.
"एवढं तिकीट? दोन खोल्यांना रंग झाला असता.
आपल्याकडे पडदा अडकला तर लोक पैसे परत मागतात,
इथे अडकवायचे पैसे घेतात!"
मध्यंतरात वडा नाही म्हणून आधीच बिनसलेलं,
लाकडी चमच्याने आइस्क्रीम खरवडत बसले.
पण परतीच्या बसमध्ये, वरच्या मजल्यावर,
बटलर कपाळावर ट्रे कसा आपटून घेतो
ते त्यांनी मला करून दाखवलं.
मागच्या सीटवरची बाई हसली.
मग पुन्हा करून दाखवलं, तिच्याकडे तोंड करून.

फेब्रुवारीतला मंगळवार.
शिडी आठ वाजून सात मिनिटांनीच आली.
आवाज वेगळा होता,
आत काहीतरी ओलं असलेला.
आणि त्यावर जो हशा उठला
तसा अकरा वर्षांत ऐकला नाही,
छताची पांढरी भुकटी कोटांच्या खांद्यांवर पडली.
हशा थांबेना. पडदा मात्र पडला.

लोक लवकर खाली आले, गाल लाल.
"काय टायमिंग आहे!" "रोज असाच पडतो?"
पैसे परत मिळणार म्हटल्यावर काहींना
हाही विनोदच वाटला.
पिवळ्या रेनकोटातल्या एका मुलीने विचारलं,
"शिडी कुणी धरली का नव्हती?"
बाप म्हणाला, "हात वर कर, बाही घाल."

गर्दी ओसरल्यावर ओवेनला मागच्या दाराकडे नेत होते,
बटलरचा कोट अर्धा कापलेला,
गळ्याजवळचं हाड जागेवर नव्हतं.
माझ्या खिडकीपाशी त्याने चाकाची खुर्ची थांबवायला लावली.
"हसले?"
"खूप."
"त्या आल्या होत्या का, करड्या कोटवाल्या?"
"आल्या होत्या."
"काय म्हणाल्या?"

बिल्ले मोजत असल्यासारखं करत होते मी.
खोटं सुचलं असतं तर बोलले असते.
"म्हणाल्या, शेवटी एकदाचा न बघता पडला."

तो हसायला लागला.
हसताना दुखत होतं, त्याचं त्याला आणखी हसू.
रुग्णवाहिकेचा माणूस माझ्यावर डाफरला.

आता त्याच्या जागी दुसरा आहे, जागा बघून पडणारा.
श्रीमती पेटिफर नाराज आहेत.
मी मात्र रोज सातव्या मिनिटाला
हातातला कोट तसाच धरून उभी राहते.
आठ. नऊ.
धाड्‌कन शिडी, वेळेवर,
आणि खाली, कुणाच्या तरी ओल्या लोकरीत तोंड खुपसून,
मीही हसते.