फुलं मोजून

कुटाइसीत, बाजारामागच्या गल्लीत
नाझिब्रोलाचा फुलांचा ठेला.
सहा प्लास्टिकच्या बादल्या, एक स्टूल,
स्टुलावर वही घेऊन तिची भाची टेक्ले, वय वर्षं दहा.

पुढील संख्यांचे सर्व विभाजक लिहा.
पंधरा : एक, तीन, पाच, पंधरा.
एकवीस : एक, तीन, सात, एकवीस.
पंचेचाळीसला ती पेन्सिल चावते जरा वेळ.
एक, तीन, पाच, नऊ, पंधरा, पंचेचाळीस.
"आत्या, विषमाच्या घरात एकही सम राहत नाही."
"कसा राहील?" कार्नेशनचे देठ तिरके छाटत आत्या म्हणते,
"बारशाच्या घरात तिरडीचं काय काम?"

कारण इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं,
जित्या माणसाला द्यायची तीन, पाच, सात,
गेलेल्याला दोन, चार, सहा.
मागे एकजण लग्नाला डझनभर गुलाब घेऊन गेला,
तर नवरीच्या आईने दारातच एक उपसून
खिडकीतल्या पेल्यात ठेवला.
हसत होती, पण बोटं थरथरत होती.

माझ्या भाषेत विषम म्हणजे हटून बसलेला ताप,
विषम म्हणजे ज्यात आपण हरणार ती झुंज.
आणि तरीही आहेराच्या पाकिटात
शंभरावर एक रुपया आम्ही ठेवतोच,
सरळ अर्धं होऊन संपू नये काही म्हणून.

आता समांची पाळी.
अठरा : एक, दोन, तीन, सहा, नऊ, अठरा.
"यांच्याकडे दोघंही येतात बघ. दार सताड उघडं."
आत्या बादलीतला पाला काढत राहते.
बत्तीस : एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस.
"इथे विषम एकटाच. एक. बाकी सगळे सम."
"असतो एखादा," आत्या म्हणते,
"एवढ्या गर्दीतही असतो."

शाल्वा येतो तेव्हा ऊन ठेल्यावरून उतरलेलं असतं.
दर ऑक्टोबरात येतो, याच तारखेला,
सात पिवळ्या शेवंत्या नेतो, घासाघीस न करता.
"सात," तो म्हणतो.
आत्या बांधते.
"अजून सात."
आत्या त्याच्या कोटाकडे बघते.
काळा आहे, आणि बाहीचं बटण
दुसऱ्याच कोणीतरी, दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने लावलेलं.

तो दोन्ही जुड्यांचे रबर सोडवतो,
फुलं एकत्र करतो, नीट, डोकी एका उंचीला आणून.
"वाढदिवस तर तिचाच आहे," कुणीही न विचारता सांगतो.
"सातांत तर बसला असता.
पण सात घेऊन तिकडे कसं जायचं?"

आत्या पैसे सातांचेच घेते.
तो बाकीची नाणी फळीवर ठेवून निघून जातो,
फुलं छातीशी न धरता, खाली, पायाशी झुलवत,
जशी तिकडे नेताना धरतात.

चौदा वहीत विचारलेलं नव्हतं.
टेक्ले समासात लिहून बघते :
एक, दोन, सात, चौदा.
सातावर पेन्सिल थांबते.
दोन सात. आनंदाचे दोन,
आणि बेरीज तिकडची.
"आत्या, हे चूक नाहीये ना?"
"गणित बरोबर आहे," आत्या म्हणते,
आणि पिवळ्या बादलीतलं पाणी बदलते.
उरलेली फुलं आज ती मोजत नाही.